कमानपाट्यांची उंची आणि ड्रायव्हरचा जीव

शहाडच्या पुलावरून मुरबाडकडे जाणारा रस्ता पुढे माळशेज घाट चढून अहिल्यानगरच्या दिशेने जातो. जुन्नर-ओतूरकडची भाजी याच वाटेने कल्याणच्या बाजारात उतरते. आता या मालाची पुष्कळशी ने-आण लहान मालगाड्या करतात. 2005 साली टाटांची ‘एस’ गाडी निघाली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. हत्ती म्हटला की मालकाला ओझे लादण्याचा मोह होतो, आणि आमच्या विषयाचा उगम या मोहातच आहे.

लादलेली गाडी मागे बसू लागली की मालक कमानपाटेवाल्याकडे जाऊन एकदोन पाटे वाढवून घेतो, किंवा पाटे व ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी दोन इंच उचलतो. हौशी मंडळी तर केवळ ऐटीसाठी पिकअपला उंचीचा तयार संच बसवितात, आणि पुढे तो काढून दुसरा घालतात. उंची बदलली की काम संपले, असा समज असतो. वस्तुतः काम तेथून सुरू होते.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. पण गॅरेजच्या खड्ड्यात उतरून आणि पुस्तके चाळून जे समजले, ते कोणासही समजण्याजोगे आहे.

कमानपाटा म्हणजे वाकविलेली पोलादी पट्टी. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, त्याखाली आखूड पाटे रचलेले असतात, आणि हा जुडगा यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेला असतो. ओझ्याने पाटा सरळ होतो व लांबतो. त्या लांबीला वाव मिळावा म्हणून एका टोकाला झुलती कडी असते, तिला शॅकल म्हणतात. लांबी-रुंदी तीच ठेवून पाट्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा ताठपणा आठपट होतो. म्हणून जाडी अंदाजाने निवडणे धोक्याचे असते.

आता उंची वाढली की काय काय हलते ते पाहू. शॉकॲब्झॉर्बर पूर्वीच्याच लांबीचा राहिला, तर खड्ड्यात चाक खाली जाताना तो पुरा ताणला जाऊन हिसका खातो. त्याचे सील फुटते, प्रसंगी बैठकही तुटते. ब्रेकचा रबरी नळ आखूड पडून ताणतो. गिअरकडून मागच्या ॲक्सलला फिरविणारा दांडा जास्त तिरपा होतो, सांधे थरथरतात व लवकर झिजतात. तो कोन सुधारण्यासाठी पाट्याखाली योग्य मापाची पाचर घालावी लागते. पुढची बाजू उचलली तर स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात. मग चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते आणि दिव्यांचा झोतही पुन्हा लावावा लागतो. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे बोल्टही काही अंतर गाडी चालल्यावर परत आवळावेत. रबरी बुशांचे बोल्ट तर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावयाचे, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते.

सर्वांत नाजूक गोष्ट ब्रेकची आहे. पुष्कळशा पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकांना किती दाब द्यावयाचा हे ठरविणारी एक झडप चासीवर असते व तिचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली येते, अंतर कमी होते, आणि झडप मागच्या चाकांना अधिक दाब देते. चासी दोन इंच उचलली की हे अंतर वाढते आणि भरलेली गाडीही झडपेला रिकामी भासते. मागचे ब्रेक कमी लागतात, आणि पुढच्या ब्रेकांवर सारा भार येऊन उतारावर ते तापतात. म्हणून दांड्याचे माप गाडी बनविणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे पुन्हा लावल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये.

कलंडण्याचा हिशोब साधा आहे. दोन चाकांतील अंतर 140 सेंटिमीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 100 सेंटिमीटर धरा. निम्मे अंतर भागिले उंची, म्हणजे 0.70. गाडी 5 सेंटिमीटर उचलली की हाच आकडा 0.67 होतो. वळणावरचा आधार तेवढा घटला.

पाटा वाढविल्याने गाडी वाकत नाही, म्हणून ओझे दिसेनासे होते. ते कमी मात्र होत नाही. ॲक्सल, टायर, बेअरिंग, ब्रेक सारे पूर्वीचेच असतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड लिहिला आहे. तो गाडी चालविणाऱ्याला आहे, तसाच ती चालवावयास लावणाऱ्यालाही आहे.

तरीही अपघातानंतर वर्तमानपत्रात ठरीव वाक्य येते: ‘चालकाचा ताबा सुटला.’ पाटे कोणी वाढविले, झडप कोणी तपासली नाही, हे कोण विचारतो? पाट्याचा निर्णय मालकाचा, हात मिस्त्रीचा, आणि मान मात्र ड्रायव्हरची. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच: पाट्याचे कोणतेही काम झाले की काय बदलले व काय तपासले याची मिस्त्रीच्या सहीची चिठ्ठी गाडीच्या कागदांत असावी, आणि ती पाहिल्याखेरीज ड्रायव्हरने घाटाच्या वाटेला लागू नये. ती चिठ्ठी मागणाऱ्या ड्रायव्हरच्या पाठीशी उभे राहणे हे युनियनचे काम आहे. आणि त्या गाडीतून आलेली भाजी खाणाऱ्या आपणा नागरिकांचेही आहे.