सभासदांची माहिती बाहेर येते कशी?

सांगली-कोल्हापूरकडच्या पतसंस्थांची संगणकाची कामं मी करते. तिथे हमखास ऐकू येणारा प्रश्न असा: "मॅडम, सगळी माहिती आत आहे, मग एक्सेलमध्ये का येत नाही?"

आत म्हणजे डेटाबेसमध्ये. माहिती मागायची एसक्यूएल ही भाषा १९८६ साली प्रमाणित झाली. पण मागणी नेटवर्कवरून पाठवायची कशी आणि उत्तर घ्यायचं कसं, याची रीत प्रत्येक कंपनीची निराळीच राहिली. डेटाबेस बदलला की प्रोग्रॅमचा तेवढा भाग नव्याने लिहावा लागे. एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप या कंपन्यांच्या गटाने सामायिक पद्धत ठरवायला घेतली. तिच्याच आधारावर मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं. जावासाठी जेडीबीसी आलं ते १९९७ मध्ये.

काम असं चालतं. प्रोग्रॅम ठरलेल्या शब्दांतच मागणी करतो: जोडणी कर, हे एसक्यूएल चालव, पुढची ओळ दे. ड्रायव्हर मॅनेजर योग्य तो ड्रायव्हर शोधून सुरू करतो. ड्रायव्हर ती मागणी त्या डेटाबेसला समजेल अशी करून पाठवतो आणि आलेलं उत्तर परत ठरलेल्या साच्यात देतो. उद्या डेटाबेस बदलला, तर मुख्यतः ड्रायव्हर बदलायचा. एसक्यूएलमध्ये थोडीफार दुरुस्ती लागते, पण सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागत नाही.

अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. एक्सेल ३२-बिटचं असेल तर ड्रायव्हरही ३२-बिटचाच हवा. नाही तर विंडोज 'आयएम०१४' असा एरर दाखवतं. त्यात भर म्हणजे ओडीबीसीची सेटिंग्ज करायचं ६४-बिट टूल 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये असतं आणि ३२-बिटचं 'सिसवाऊ६४'मध्ये!

याहून महाग पडते ती अक्षरांची चूक. मायएसक्यूएलचा ओडीबीसी ड्रायव्हर दोन प्रकारांत मिळतो, अँसी आणि युनिकोड. मराठी नावांसाठी युनिकोडच घ्यावा. एका संस्थेत पुरवठादाराने अँसी बसवला होता; पडद्यावर सभासदांच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. तिथे फक्त वाचन चालू होतं म्हणून निभावलं. तीच प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्ये लिहिली गेली असती, तर मूळ अक्षरं पुसली जाऊन बॅकअपशिवाय उपाय उरला नसता. माणसाचं नाव त्याच्या ठेवीइतकंच जपायला हवं.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना किमतीइतक्याच आग्रहाने विचारा: ओडीबीसी किंवा जेडीबीसीने आमची माहिती आम्हाला वाचता येईल का? त्यासाठी फक्त वाचनापुरता लॉगिन मागून घ्या, कारण ड्रायव्हरच्या वाटेने माहिती खोडताही येते. आणि हे तोंडी ठेवू नका, करारात लिहून घ्या. माहिती संस्थेची आहे. ती मिळवण्यासाठी विक्रेत्याची मनधरणी करायची वेळ कुणावर येऊ नये.