शांत रस्ता हीसुद्धा गावची मिळकत



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. दापोली तालुक्यातील एका वाडीत काजूवरच्या ढेकण्याची पाहणी करायला गेलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. रस्त्याकडेच्या एका घराच्या गडग्याला दोन सायकली टेकवलेल्या आणि अंगणात हेल्मेट घातलेलं एक जोडपं पाणी पीत उभं. माणसं पुण्याची. किनाऱ्या-किनाऱ्याने सायकलवरून रत्नागिरीला निघालेली. घरच्या काकींनी पाण्यामागोमाग कोकमाचं सरबत दिलं, पैसे काही घेतले नाहीत. जाताना त्या बाईंनी विचारलं, "काकी, आमसुलं किंवा आंबापोळी विकत मिळेल का?"

काकी म्हणाल्या, "आहे की. पण किलोची पिशवी आहे."

"किलोभर ओझं सायकलवर कुठे बांधू?" असं म्हणून बाई हसल्या आणि दोघं निघून गेली. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा साहेब, गिऱ्हाईक दारात आलं नि रिकाम्या हाताने गेलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज खत-औषधाचा विषय बाजूला ठेवून रस्त्याबद्दल चार शब्द लिहितो.

सायकलवाला आपल्याकडे का येतो?

मुंबई-गोवा महामार्ग सरळ आहे, रुंद आहे. मग ही माणसं आपल्या वळणाच्या, चढ-उताराच्या रस्त्याला का येतात? कारण साधं आहे. महामार्गावर ट्रक-ट्रेलर कानाशी घोंघावत जातात. सायकलवाल्याला पाहिजे असतो कमी रहदारीचा रस्ता, झाडाची सावली, मध्येच दिसणारा समुद्र आणि तासाभराने एखादं गाव. हे सगळं आपल्याकडे आयतंच आहे.

दापोलीहून निघावं, आसूदच्या पोफळीच्या बागांमधून महर्षी कर्व्यांच्या मुरूडला उतरावं. तिथून कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. दाभोळला सायकल फेरीबोटीत चढवायची नि धोपाव्याला उतरायचं. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळ. तिथून पुन्हा फेरीबोटीने जयगड. मग कवी केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी. घाईचा गडी हे दोन दिवसांत करतो, सवडीचा माणूस चार दिवस घेतो. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्याला ही खाडी चिपळूणकडून वळसा घालूनच ओलांडावी लागे.

मोटारवाला गावातून पाच मिनिटांत जातो, काचसुद्धा खाली करत नाही. सायकलवाला तासाला पंधरा किलोमीटरने जातो, चढणीला त्याहून हळू. त्याला तहान लागते, भूक लागते, मुक्कामाला खोली लागते. म्हणजे काय, तर तो पैसा मोठ्या शहरात नाही, वाटेवरच्या वाडीत खर्च करतो. शिवाय त्याचा हंगाम मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात घरात आलेलं, आंबा अजून मोहरावर. आपल्या हातात रोकड कमी असते ते हेच दिवस.

रस्ता खराब कोण करतो?

खड्ड्यांसाठी आपण बांधकाम खात्याला बोल लावतो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण थोडं आपल्याकडेही बघू या. चिखलणीच्या दिवसांत पॉवर टिलरची लोखंडी चाके तशीच ठेवून आपण यंत्र एका खाचरातून दुसऱ्या खाचरात डांबरी रस्त्यावरून नेतो. ती पाती डांबर उकरतात. त्या जागी पाणी मुरते आणि गणपतीपर्यंत खड्डा तयार. गडग्याचा चिरा, शेणखत, विहिरीची माती, सगळं रस्त्याच्या कडेला ओतलं जातं. गटार बुजतं आणि पावसाचं पाणी रस्त्यावरून वाहतं. भात कापणी झाली की गुरं मोकाट सोडतो, ती रात्री डांबराच्या उबेला वळणावर बसतात.

सायकलचा टायर दोन बोटांचा. मोटारीला जाणवतही नाही अशी बारीक खडी त्याला घसरवते. आणि हे फक्त पुण्या-मुंबईच्या माणसांचं दुखणं नाही. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात बांधकामाची खडी महिनाभर वळणावर पडून होती. मीही रोज तिच्या बाजूने मोटारसायकल काढत होतो. कोणाला सांगावंसं वाटलं नाही. एके दिवशी आठवीतली मुलगी शाळेतून येताना तिच्यावर घसरली, हात मोडला. पुढे दीड महिना तिची सायकल पडवीत उभी. दुसऱ्या दिवशी ती खडी उचलायला चार माणसांना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाची लाज मला अजून वाटते.

म्हणून सांगतो, पाहुण्याला चालणारा रस्ता म्हणजे आपल्या पोरांना चालणारा रस्ता.

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना विनंती. यात मोठ्या निधीची गरज नाही. एक, मे महिन्यात गटारं आणि मोऱ्या साफ करून घ्याव्यात. वळणावरची रानमोडी आणि वाढलेलं गवत पावसानंतर पुन्हा एकदा कापावं. दोन, लोखंडी चाकं डांबरावर चालवायची नाहीत आणि बांधकामाचा माल रस्त्यावर टाकायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. टिलर न्यायचाच असेल तर रबरी चाकं चढवावीत किंवा टेम्पोत घालून न्यावा. तीन, रस्त्याकडेचे जुने आंबे, फणस, वड उगाच तोडू देऊ नयेत. फांदी धोक्याची असेल तर तेवढीच रीतसर परवानगीने काढावी. चार, शाळा, देऊळ किंवा एसटी थांब्याजवळ पिण्याचं पाणी आणि एक स्वच्छ शौचालय चालू ठेवावं. सायकलवर बायकाही येतात, त्यांची पहिली अडचण हीच असते. पाच, फेरीबोटीच्या वेळा मराठीत ठळक लिहून नाक्यावर लावाव्यात.

शेतकऱ्याने काय करावे?

सायकलवाला भल्या पहाटे निघतो. त्यामुळे सातला चूल पेटलेली पाहिजे. गरम पोहे, घावणे, केळी, कोकम सरबत एवढं पुरे. विक्रीच्या मालाची पुडी शंभर-दोनशे ग्रॅमची करा. आमसुलं, काजूगर, आंबापोळी, कुळथाचं पीठ असा हलका माल ठेवा. किंमत पुडीवर लिहा आणि सगळ्यांना एकच ठेवा. कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हापूसला २०१८ मध्ये. पण ते नाव वापरायचं तर माल खरा हवा आणि वापरकर्ता म्हणून रीतसर नोंदणीही हवी. खाद्यपदार्थ विकताना अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या. बचत गटांनी हे एकत्र केलं तर सोपं जातं.

घरात एखादी खोली रिकामी असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास एकदा बघून या. समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात जाताना पाहायला तिथे दरवर्षी माणसं येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. मोठं हॉटेल बांधावं लागलं नाही. स्वच्छ अंथरूण, घरचं जेवण आणि ठरलेला दर, यावर ते चाललं आहे.

पूल झाल्यावर

रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम शासनाने हाती घेतलं आहे. दाभोळ आणि जयगडच्या खाड्याही त्यात आहेत. पूल व्हायलाच हवेत. आजारी माणसाला रात्री फेरीबोटीची वाट बघत बसावं लागू नये आणि मासळीचा टेम्पो वेळेवर पोचावा. पण पुलाबरोबर मोठी रहदारीही येणार हे उघड आहे. त्या वेळी आतले जुने रस्ते कोणत्या गावाने राखले आणि कोणत्या गावाने खडी-मातीखाली घातले, यावर सायकलवाला कुठे वळणार ते ठरेल.

परवा त्या काकींकडे पुन्हा गेलो होतो. ओटीवर शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या मांडलेल्या, किंमत खडूने पाटीवर लिहिलेली. म्हणाल्या, "काल तिघं आले होते साहेब. पाणी फुकट, पुडी विकत."

बंधूंनो, येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. आणि आज घरी जाताना वळणावर खडी दिसली, तर दोन मिनिटं थांबून पायाने बाजूला करा. सुरुवात तिथूनच होते.