दुभत्या जनावराचे अर्थशास्त्र

दुभत्या गाईच्या लाथा गोड, अशी आपल्याकडे म्हण आहे. गाय आटली की तो गोडवा सरतो. तिच्या वैरणीचा खर्च मात्र सरत नाही. पशुपालन किफायतशीर ठरते की आतबट्ट्याचे, याचे मर्म पुष्कळ अंशी या साध्या गोष्टीत आहे.

१९५०-५१ साली भारतात सुमारे १ कोटी ७० लक्ष टन दूध निघत असे. २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे २३ कोटी ९० लक्ष टनांवर गेला. ही वाढ मोठी आहे खरी. पण तिचा भार मुख्यतः दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या लहान शेतकऱ्याने उचलला आहे. दुधाचा दर ठरविणे त्याच्या हाती नसते. तेव्हा प्रत्येक लिटरमागे पडणारा खर्च कमी करणे, हाच त्याच्यापुढील खात्रीचा मार्ग होय.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एक गाय एका वेतात ३०० दिवस दररोज सरासरी ८ लिटर, म्हणजे एकंदर २,४०० लिटर दूध देते. ती दर १३ महिन्यांनी व्याली, तर दुभत्या व भाकड अशा सर्व दिवसांची सरासरी रोजी ६ लिटरांहून थोडी अधिक पडते. तेच अंतर १८ महिन्यांचे झाले, तर ही सरासरी साडेचार लिटरांच्याही खाली येते. गाय तीच, तिचे एका वेताचे दूधही तेवढेच. परंतु पाच महिने अधिक पोसावे लागल्याने प्रत्येक लिटर महाग झाले.

गाईचा गर्भकाल सुमारे २८० दिवसांचा असतो. म्हणून १३ महिन्यांचे अंतर साधावयाचे, तर व्याल्यानंतर चार महिन्यांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. माज सुमारे २१ दिवसांनी येतो आणि बहुधा एक दिवसही टिकत नाही. तो एकदा नजरेतून निसटला की तीन आठवडे वाया गेले, असे समजावे. म्हशीचा माज तर, विशेषतः उन्हाळ्यात, पुष्कळदा मुका असतो. पहाटे व सायंकाळी लक्ष ठेवल्यासच तो ध्यानात येतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने ही सेवा थेट शेतकऱ्याच्या दारी नेली. वेळेचे हे महत्त्व जाणले म्हणजे त्या कार्याचे मोल कळते.

दुसरी गोष्ट आहाराची. दुधाच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून बराच अधिक वाटा वैरण व पेंड यांचा असतो. पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक आणि उन्हाळ्यात केवळ वाळला कडबा, अशी स्थिती असेल, तर जनावर खंगते व माजावर येत नाही. हिरवा मका कापून, त्याची कुट्टी करून ती हवाबंद दाबून ठेवली, तर सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि टंचाईच्या काळी उपयोगी पडतो. कुट्टी केल्याने कडब्याची नासाडीही टळते. या जोडीला खनिज मिश्रण व लाळ-खुरकुताची लस यांवरील खर्च हा खर्च नसून विमाच होय.

परंतु गोठ्यातील काटकसर बाजारात वाया जाता कामा नये. हिवाळ्यात दूध वाढते, उन्हाळ्यात घटते. वाढलेले दूध साठविण्याची सोय नसेल, तर ज्या काळात जनावर अधिक देते त्याच काळात दर कोसळतो. १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध संघाने ही अडचण ओळखली. १९५५ साली आणंद येथे म्हशीच्या दुधाची भुकटी तयार करणारा कारखाना सुरू झाला आणि जादा दुधाला वाट मिळाली. दुधातील स्निग्धांश मोजून मोबदला देण्याच्या पद्धतीने चांगल्या दुधाला त्याचे मोल मिळू लागले. भुकटीचा कारखाना एकट्या शेतकऱ्याला उभारता येत नाही, संघाला येतो.

आता पर्यावरणाचा प्रश्न. रवंथ करणारे जनावर मिथेन वायू सोडते, मग ते दुभते असो वा भाकड. भाकड दिवस घटले की प्रत्येक लिटरमागे हा वायूही घटतो आणि चारा व पाणीही कमी लागते. म्हणजे पृथ्वीचे हित आणि शेतकऱ्याचा नफा या बाबतीत परस्परविरोधी नाहीत.

यासाठी पहिले साधन अगदी स्वस्त आहे. गोठ्याच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगावी आणि जनावर कधी व्याले, कधी माजावर आले, रेतन कधी झाले, या तिथी तीवर नोंदवाव्यात. दुधाचा दर दूर कोठेतरी ठरत असेल; दोन वेतांमधील अंतर मात्र मोठ्या प्रमाणात आपल्याच गोठ्यात ठरते.