पाऊस, हिम आणि गारा

चामोर्शी परिसरात हिमवर्षाव होत नाही. तरीही पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यावर दाटणाऱ्या उंच ढगांच्या माथ्याशी हिमकण असतातच. उंचीच्या दर किलोमीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते व सुमारे ५ किलोमीटरवर शून्याखाली जाते. तेथे बाष्पापासून थेट षट्कोनी हिमस्फटिक बनतात. खालच्या उबदार हवेत ते वितळले की पाऊस पडतो. हिमालयात जमिनीलगतची हवाही अतिथंड असल्याने ते न वितळता हिमरूपाने उतरतात.

गार म्हणजे हिम नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तापलेली दमट हवा वेगाने वर चढते. ती जलबिंदूंना गोठणाऱ्या थरात नेते. तेथे बर्फाच्या कणावर पाण्याचे थर गोठत जातात आणि भार असह्य झाला की गार कोसळते. वेगामुळे तिला वितळण्यास अवसर मिळत नाही.

याच सुमारास शेतात हरभरा व मिरची असते; रानात मोह फुलतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील रब्बी पिकांची मोठी हानी केली. २०१५ पासून आपत्ती साहाय्यासाठी पीकहानीची किमान मर्यादा ५० वरून ३३ टक्क्यांवर आणली गेली. गारा तासाभरात विरघळतात. पुरावा उरतो तो झोडपलेल्या पिकाचाच. म्हणून ग्रामपंचायतीने शेत मोडण्यापूर्वी तहसील कार्यालयास कळवून पंचनामा करून घेणे अगत्याचे आहे. शिक्षकांनीही मुलांना सांगावे, की गारपिटीत झाडाचा आसरा घेऊ नये. त्याच ढगात वीजही असते.