जादूच्या साहित्याची खरेदी : झाकली मूठ, उघडे डोळे

गोव्यातील जत्रा आणि फेस्तांच्या फेरीत खेळण्यांच्या दुकानांशेजारी जादूच्या वस्तू मांडून बसलेला विक्रेता पुष्कळदा आढळतो. पत्त्यांचे जोड, धातूची कडी, पेले, रंग बदलणारे रुमाल, नाणे नाहीसे करणारी डबी अशा त्या वस्तू असतात. विक्रेत्याच्या हातात त्या चमत्कार करतात. घरी आणल्यावर मात्र पत्ते एकमेकांस चिकटतात, डबीचे झाकण अडते आणि रुमाल मुठीत मावत नाही. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ या म्हणीचा आधार घेऊन खरेदीदार स्वतःलाच दोष देतो. जादूला सराव लागतो हे खरेच. परंतु या व्यवहारात कित्येकदा अंगणही खरोखरच वाकडे असते. आता घरबसल्या संगणकावरून वा भ्रमणध्वनीवरून अशा वस्तू मागविता येत असल्याने फसगतीचे क्षेत्र अधिकच विस्तारले आहे.

फसगत का होते?

धान्य, कापड किंवा भांडे विकत घेताना ग्राहक वस्तू हाताळून पाहतो. जादूच्या साहित्यात हीच सोय नसते. वस्तू उघडून दाखविली तर तिचे रहस्य फुटते. म्हणून पैसे दिल्यावाचून ती पाहता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा या धंद्याचा जणू नियमच होय. विक्रेत्यास वस्तूची प्रत ठाऊक असते, ग्राहकास नसते. अशा बाजाराचे काय होते, याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. चांगल्या-वाईटाची पारख अगोदर करता येत नसेल तर ग्राहक बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही. सचोटीचा विक्रेता मागे सरतो आणि निकृष्ट माल उरतो. या कार्याबद्दल त्यांना २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. जादूच्या साहित्याचा बाजार हे त्याच तत्त्वाचे बोलके उदाहरण आहे.

दुसरे कारण नकलेचे. रॉबर्ट हार्बिन या जादूगाराने १९६५ साली ‘झिगझॅग’ हा पेटीतील तरुणीचा प्रसिद्ध प्रयोग निर्माण केला. त्याच्या नकला होऊ लागल्या. १९७० साली हार्बिन यांनी आपल्या प्रयोगांचे पुस्तक केवळ ५०० प्रतींपुरते मर्यादित काढले. तरीही नकला थांबल्या नाहीत. कायद्याचे संरक्षण येथे तोकडे पडते, कारण एकस्व मिळवायचे तर रहस्य लेखी उघड करावे लागते. २०१४ साली अमेरिकेतील नेवाडाच्या संघीय न्यायालयाने जादूगार टेलर यांच्या दाव्यात नाट्यरूपाने बसविलेल्या प्रयोगास संरक्षण दिले; मात्र निव्वळ जादूच्या युक्तीवर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, हेही स्पष्ट केले. नक्कल करणारा बाह्य आकार उचलतो. मापातील नेमकेपणा आणि वापराच्या सूचना तो उचलत नाही. निकृष्टतेचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

पारख कशी करावी?

रहस्य न विचारताही वस्तूचा दर्जा तपासता येतो. चांगल्या पत्त्यांत कागदाचे दोन थर गडद लेपाने जोडलेले असतात. त्यामुळे प्रकाशासमोर धरले तरी आरपार दिसत नाही. जादूच्या पत्त्यांची पाठ नेहमीच्या जोडाशी रंगाने आणि नक्षीने तंतोतंत जुळली पाहिजे. छटेत किंचित फरक असला तरी प्रेक्षक तो टिपतो. कडी एकसारख्या वजनाची असावीत, त्यांचा नाद सारखा यावा आणि मुलाम्याचे पापुद्रे निघू नयेत. पेले एकमेकांत सहज बसावेत व अडकू नयेत. लाकडी पेटी पावसाळ्याच्या दमट हवेत फुगते. म्हणून सांधे आणि खण अवश्य तपासावेत.

‘रेशमी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रुमालांत फसवणूक सर्वांत सोपी. खरे रेशीम लहानशा जागेत दाबून मावते आणि सोडताच फुलते. कृत्रिम धागा तसा वागत नाही. मोठ्या माणसाने रुमालाचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. रेशमास जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते.

मुलांची सुरक्षितता

काही साहित्यात बारीक पण प्रबळ लोहचुंबक असतात. मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्यांच्या पदरांतून एकमेकांस खेचतात आणि आतड्यास छिद्र पडू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. क्षणात जळून जाणारा ‘ज्वाला-कागद’ नायट्रोसेल्युलोजचा असतो. तो मुलांच्या हाती कदापि देऊ नये. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. आय. चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून आवश्यक झाले आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जादूच्या संचावर ते पाहावे.

कायदा काय सांगतो?

‘रहस्य कळले, आता वस्तू परत नाही’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. युक्ती अपेक्षेपेक्षा साधी निघाली, हा दोष नव्हे. परंतु सांधा तुटका असणे, भाग कमी असणे, रेशमाच्या जागी पॉलिएस्टर देणे, वर्णन केल्याप्रमाणे वस्तू न चालणे, ही न्याय्य तक्रार होय. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पावती न देणे आणि सदोष वस्तू परत घेण्याचे नाकारणे या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. पावतीवर मुदत नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. ऑनलाइन विक्रीसाठीही २०२० च्या नियमांनी असेच बंधन घातले आहे. जादूचे प्रयोग करून स्वयंरोजगाराने पोट भरणारा कलावंत केवळ त्याच उपजीविकेसाठी साहित्य घेत असेल, तर तोही ‘ग्राहक’च ठरतो. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारणा करावी. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पावती, वेष्टन आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवावी.

शिक्षकांसाठी

हा प्रश्न केवळ काही रुपयांचा नाही. हवेतून अंगारा काढणाऱ्या बुवाचा ‘चमत्कार’ ही हातचलाखी आहे, हे शिक्षक वर्गात करून दाखवू पाहतो. ऐन वेळी निकृष्ट साहित्याने दगा दिला तर मुले शिक्षकास हसतात आणि बुवाचे माहात्म्य मात्र अबाधित राहते. यास्तव शाळेच्या निधीतून भारंभार स्वस्त वस्तू घेण्याऐवजी एकच चांगली वस्तू घ्यावी आणि तिचा पुरेसा सराव करावा. दोरी, नाणे, कागद, काचेचा पेला यांवरही उत्तम प्रयोग होतात. त्यांना बाजाराची गरज नाही.

जादूगार प्रेक्षकाला फसवितो ते त्याच्या संमतीने आणि आनंदासाठी. विक्रेत्यास ती मुभा नाही. रंगमंचावर मूठ झाकलेली असावी. दुकानात मात्र ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत.