सातबाऱ्यावर नाव नाही, पाऊस मात्र अंगावर

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले, की तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली येथे आश्रम स्थापन केला. 1968 साली त्यांचे निर्वाणही येथेच झाले. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. आश्रम साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण वाचकहो, आज आम्हांला आश्रमाविषयी लिहायचे नाही. मोझरीच्या भोवती पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनचे जे काळे शिवार पसरले आहे, त्यात दिवसभर कंबर वाकवणाऱ्या आपल्या माताभगिनींविषयी लिहायचे आहे.

आम्ही त्या भागातल्या एका वस्तीत गेलो, तो 2023 चा ऑगस्ट महिना होता. देशात 1901 पासून पावसाच्या ज्या नोंदी आहेत, त्यांतला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट. वर्षावास चालू होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि विहाराच्या ओट्यावर दहा-बारा बाया बसून होत्या. निंदणाच्या दिवसांत, भर कामाच्या वेळी, बाया ओट्यावर! आम्ही जयभीम घातला आणि विचारले, "मावशी, आज कामाला सुट्टी?" एक वयस्क मावशी हसली. म्हणाली, "पानी नाही आला तं तन नाही, तन नाही तं रोजी नाही. आन् पानी लय आला तं मालक फवारा मारते, तवा बी रोजी नाही. आमाले दोन्हीकून सुट्टीच हाय."

मावशीच्या या दोन वाक्यांत जे आहे, ते समजून घेतले पाहिजे. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतीत कामांची वाटणी ठरलेली आहे. पेरणी, डवरणी, फवारणी ही कामे गड्यांची. सरकी टोबणे, निंदणे, कापूस वेचणे ही बायांची. गड्याची कामे बैलांवर होती, ती हळूहळू ट्रॅक्टरवर गेली. बाईचे काम अजून हातावर आहे, आणि ते सर्वस्वी पावसावर टांगलेले आहे. पाऊस वेळेवर, टप्प्याटप्प्याने पडला, तर निंदणाच्या दोन-तीन पाळ्या मिळतात. पण अलीकडे पाऊस तसा पडत नाही. महिना महिना दडी मारतो आणि मग आठ दिवसांचे दोन दिवसांत ओततो. वापसा येत नाही, वावरात पाय ठेवता येत नाही, तोवर तण गुडघ्याला लागते. मग मालक काय करणार? तणनाशकाचा डबा आणतो. एक गडी पाठीवर पंप घेतो आणि दहा बायांची रोजी संपते. मालकाला आम्ही दोष देत नाही, त्याचेही पीक बुडत असते. पण त्या दहा बायांचा हिशेब कोणी मांडतो का?

वेचणीचेही तसेच. वेचणीची मजुरी किलोवर. बोंडे भरलेली असली, तर हाताला वजन लागते. पाऊस ओढला, की बोंड लहान राहते. तितकेच तास फिरायचे, तितकेच वाकायचे, नख्यांनी बोटे तितकीच फाटायची, आणि ओटीत कापूस मात्र कमी. अवकाळी पावसात सापडलेल्या बोंडांची कवडी होते, तिला भाव नाही. म्हणजे आभाळाची खोट शेतकऱ्याच्या बाजारभावात जशी दिसते, तशीच ती मजूर बाईच्या किलोत दिसते. शेतकऱ्याची खोट निदान पंचनाम्यात लिहिली जाते. बाईची कोठे लिहिली जात नाही.

आणखी एक गोष्ट मावश्यांनीच लक्षात आणून दिली. पूर्वी ज्वारी होती, तेव्हा घरात दाणा येई, जनावराला कडबा होई. तासांतून अंबाडी, बरबटी, मूग असायचा. निंदताना तरोटा, कुंजर ओट्यात यायचे, संध्याकाळची भाजी फुकट व्हायची. सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली. तणनाशकाने तणाबरोबर ती भाजीही नेली. आता भाजी विकत आणि रोजी कमी. घरात कमी पडले, की सर्वांत शेवटी कोण जेवते हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

पाण्याचे पाहा. मोझरीहून वर मोर्शी-वरूडकडे संत्र्याच्या बागांनी बोअर खोल खोल नेले आहेत. पश्चिमेला दर्यापूर, अकोल्याकडे पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या शेकडो गावांत विहिरीला पाणी असूनही ते खारट, त्यात डाळ शिजत नाही. दोन्हीकडे गोड पाणी आणायला जायचे ते बाईने. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हाही.

आता मुद्द्याचे. दुष्काळ जाहीर होतो, अतिवृष्टीचे पंचनामे होतात, पीकविमा, कर्जमाफी येते. ही सारी मदत कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातील वहितीदारांत स्त्रिया शंभरात चौदाच्या आसपास निघाल्या. घाम पहिल्यापासून बाईचा आणि खात्यावर नाव बाप्याचे. 2006 साली पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले. शेतकरी आत्महत्या करतो, तेव्हा शासन त्याच्या घरच्यांना एक लाख देते. पण त्यासाठी जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, हे आधी पाहिले जाते. जमीन सासऱ्याच्या नावे राहिली, फेरफार झालाच नाही, तर मागे राहिलेल्या बाईची फरफट सुरू होते. बचत गटाचे हप्ते तेवढे तिच्या नावावर असतात!

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिलांची जी परिषद भरली, तिच्या अध्यक्षा आपल्याच अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेने कामगार स्त्रियांना पगारी रजा मिळावी असा ठराव केला. शेतमजूर बाईला रजा आज भरपूर मिळते, फक्त बिनपगारी. पुढे 1951 साली हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. 1956 साली वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्यात नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांइतकाच वाटा आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली. कायदा आहे. पण आपल्या घरांतूनही "बहिणीने हक्कसोड करून दिली" असे कौतुकाने सांगितले जाते, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, 1992 साली शासनानेही तसा निर्णय घेतला. पण ज्यांना जमीन होती त्यांच्यासाठी ते होते. आमच्या बहुसंख्य वस्त्यांना जमीनच नाही. दादासाहेब गायकवाडांनी 6 डिसेंबर 1964 ला भूमिहीनांचा जो सत्याग्रह सुरू केला, त्यात आमच्या आयाबाया कडेवर पोर घेऊन तुरुंगात गेल्या, त्या याच दुखण्यासाठी. 2004 साली त्यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. 2018 पासून पूर्ण अनुदानावर. आणि मुख्य म्हणजे जमीन पतिपत्नी दोघांच्या नावे, विधवा व परित्यक्ता असेल तर तिच्या एकटीच्या नावे, आणि तिला प्राधान्य. अडचण एवढीच, की शासन जो भाव देते त्या भावात चांगली जमीन विकायला कोणी तयार होत नाही. जी मिळते ती पुष्कळदा माळरानाची. अशा जमिनीवर पहिला खंड पडला, की पीक वाळते. जमिनीबरोबर विहीर आणि बांधबंदिस्ती मागितली पाहिजे.

ओट्यावरच्या बायांपैकी एकीचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. घरची दीड एकर. आम्ही विचारले, "फेरफार झाला का?" ती म्हणाली, "भासरे म्हनतात पुढच्या साली पाहू." वारस नोंदीला मुद्रांक लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, पोच घ्यायची. नियमाने तीन महिन्यांत कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. विहारातल्या एका शिकलेल्या पोराला आम्ही तिथेच अर्ज लिहायला बसवले. तिने अंगठा न लावता सही केली. नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. ओळीवर ओळ घेऊन तिने ते पूर्ण केले, आणि उठून म्हणाली, "आता तलाठ्याकडं कोन येते माह्यासंग?"

दोघी उठल्या.