पिल्लाला शिकवण्याआधी मालकाने शिकावे

कुत्रा हा इमानी प्राणी आहे हे आपण सर्वांनी वाचले आहे. पण इमानी कुत्रा आयता मिळत नाही. लहानपणीच त्याला वळण लावावे लागते. ते वळण लावणारा माणूस रागीट असेल तर पिल्लू बिघडते आणि शांत असेल तर शिकते. म्हणून मालकाने कसे वागावे याची माहिती मी लिहीत आहे.

पिल्लाला काय समजते?

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. दहा ते चौदा दिवसांनी ते उघडतात. निदान आठ आठवडे तरी पिल्लाला आईजवळ राहू द्यावे. भावंडांशी खेळताना ते जोरात चावले की दुसरे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबतो. त्यावरून दात किती लावायचे हे त्याला समजते. लवकर उचलून आणले तर हा धडा अर्धवट राहतो.

चार ते सहा महिन्यांचे होईपर्यंत पिल्लाचे दुधाचे दात पडतात, आपले पडतात तसेच. तेव्हा हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चपला, दोरी, पायपुसणे, जे सापडेल ते चावत बसते. ते मुद्दाम करत नाही. चपला वर ठेवाव्यात आणि त्याला जुन्या फडक्याची घट्ट गाठ मारून द्यावी. मग चपलाही वाचतात आणि पिल्लूही खूश.

एकच शब्द

पिल्लाला मराठी येत नाही. त्याला आपला आवाज आणि हात समजतो. घरात आजी म्हणते "हाड", बाबा म्हणतात "बाहेर हो" आणि दादा म्हणतो "चल हट". पिल्लाने काय समजायचे? म्हणून घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचे. बस म्हणजे बस, ये म्हणजे ये, नाही म्हणजे नाही. आज ताटातला तुकडा द्यायचा आणि उद्या ताटाजवळ आले म्हणून ओरडायचे, असे करू नये.

आणखी एक. "यू यू" करून जवळ बोलवायचे आणि आले की धपाटा घालायचा, असे कधीच करू नये. मग ते बोलावल्यावर यायचेच बंद होते.

शाबासकी लगेच द्यावी

रशियात पावलोव्ह नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याला खाणे देण्याच्या आधी रोज एकच खूण केली, तर पुढे नुसत्या खुणेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टी कुत्रा मनात जोडतो.

म्हणून पिल्लू बसले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा आणि "शाब्बास" म्हणावे. थोड्या वेळाने दिला तर तो कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. मारण्याचेही तसेच आहे. सकाळी पिल्लाने घरात घाण केली आणि आपण दुपारी मारले, तर त्याला एवढेच कळते की हा माणूस मारतो. मग ते आपल्यापासून लपून खाटेखाली घाण करते. त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला रोज त्याच जागी न्यावे. तिथे केले की शाब्बास म्हणावे.

चाळीतले पिल्लू

माझा मामा मुंबईला ठाकूरद्वारला राहतो. ठाकूरद्वार हा गिरगावातला भाग आहे. तिथे जुन्या चाळी आहेत. एक खोली आणि बाहेर सगळ्यांची मिळून लांब गॅलरी. मामाच्या शेजारी मोती नावाचे पिल्लू आहे. आपल्याकडे पिल्लू अंगणात सुटते, पण तिथे तिसऱ्या माळ्यावरून जिना उतरून त्याला खाली न्यावे लागते. मालक दिवसातून पाच वेळा नेतात, पावसातही. घाण झाली तर स्वतः उचलतात. मोती भुंकला तर सगळ्या माळ्याला त्रास होतो, म्हणून तो गप्प बसला की त्याला शाबासकी मिळते. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे मिरवणुका जातात. ढोल आणि फटाक्यांनी पिल्लू घाबरते. त्या दिवशी त्याला खोलीत ठेवून कुणीतरी जवळ बसते. मुंबईत कुत्रा पाळायला महानगरपालिकेचा परवानाही लागतो.

पोलिसांचा जंजीर

मुंबई पोलिसांकडे जंजीर नावाचा लॅब्रॅडॉर कुत्रा होता. त्याचे शिक्षण पुण्याला शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटके जंजीरने वासावरून शोधली. ही जागा ठाकूरद्वारपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. त्याने एकूण ३,००० किलोपेक्षा जास्त आरडीएक्स शोधले. किती माणसे वाचली असतील! नोव्हेंबर २००० मध्ये तो वारला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला.

बॉम्ब म्हणजे काय हे कुत्र्याला ठाऊक नसते. हा वास सापडला की आपला माणूस खूश होतो, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून तो मन लावून काम करतो. मार खाऊन असे काम होत नाही.

आपल्या वाडीतली गोष्ट

आपल्या वाडीत एक पिल्लू वांदर हाकायला आणले होते. ते दिवसभर साखळीला असायचे. येणारी-जाणारी मुले खडे मारायची. मोठे झाल्यावर ते एका लहान मुलाला चावले. मुलाला इंजेक्शने घ्यावी लागली, आणि कुत्र्याला टेम्पोत घालून लांब सोडून आले. लोक म्हणाले, कुत्रा वाईट निघाला. मला वाटते, त्याला चांगले व्हायला कुणी शिकवलेच नव्हते. आता ते कुठे असेल?

लक्षात ठेवा

१. पिल्लू हौसेसाठी आणू नये. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. तेवढी वर्षे सांभाळणार असाल तरच आणावे.
२. एका वेळी पाचच मिनिटे शिकवावे. आपल्याला राग आला असेल तर त्या वेळी शिकवू नये.
३. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा टोचावी.
४. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. हळद, चुना लावत बसू नये.
५. रात्री कुत्र्याला पडवीत घेऊन दार लावावे. बिबट्या कुत्र्याला नेतो.
६. बांधलेल्या कुत्र्याला खडे मारू नयेत. हे आपल्या वर्गातल्या सर्वांसाठी आहे.

पालकांना विनंती आहे की घरी पिल्लू असेल तर आजच सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवावा.

— इयत्ता ४ थी